बॉल तिच्या स्टिकवर दे

प्रिय ताई,
मी नागपुरातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या हॉकी टीमची कॅप्टन आहे. सेंटर हाफ खेळते, म्हणजे मधल्या फळीत मध्यभागी. पुढच्या महिन्यात इंटरकॉलेज मॅचेस आहेत आणि टीमचं काही खरं दिसत नाही. माझ्या डावीकडे लेफ्ट हाफला फर्स्ट इयरची मुलगी आहे, काटोलकडची. शाळेत खो-खो खेळायची, हॉकी स्टिक मागच्या वर्षी पहिल्यांदा हातात घेतली. पळते जबरदस्त, पण एक बॉल सुटला की उरलेली मॅच दगड होऊन उभी राहते. मी ओरडले की रडते, नाही ओरडले तर झोपल्यासारखी खेळते. दोघी सीनियर फॉरवर्ड एकमेकींनाच पास देतात, ज्युनियरला बॉलच मिळत नाही. दुसरी गोलकीपर म्हणते, खेळवतच नाही तर मी कशाला येऊ? सर खूप मेहनत घेतात, पण चुकलं की साइडलाइनवरून सगळ्यांसमोर झापतात. मॅचमध्ये माझ्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. या पोट्ट्यांकडून चांगला खेळ कसा काढून घेऊ?
– एक कॅप्टन, नागपूर

प्रिय कॅप्टन,

आधी तुझ्या पासबद्दल बोलू या. पत्रात तू लेफ्ट हाफच्या ट्रॅपिंगबद्दल, म्हणजे बॉल अडवून ताब्यात घेण्याबद्दल लिहिलंस, फॉरवर्डच्या स्वभावाबद्दल लिहिलंस, सरांच्या आवाजाबद्दलही लिहिलंस. पण तू सेंटर हाफ आहेस. त्या मुलीकडे जाणारे बरेचसे बॉल तुझ्याच स्टिकवरून जात असणार. ते कसे जातात, याबद्दल पत्रात एकही ओळ नाही.

हे मी तुला टोचायला म्हणत नाही. गेल्या हिवाळ्यात इथल्याच एका मैदानावर मुलींची मॅच पाहत होते. मुरमाचं मैदान, सकाळची वेळ, पाणी मारलेलं पण अर्धंमुर्धं वाळलेलं. सेंटर हाफने मान न वळवता डावीकडे पास मारला. जोरात होता आणि लेफ्ट हाफच्या मागच्या पायाकडे गेला. मध्ये खडा लागून बॉल उडाला. त्या मुलीने पळता पळता अंग मागे वळवलं, स्टिकचं टोक कसंबसं लावलं, बॉल साइडलाइनच्या बाहेर. सेंटर हाफने दोन्ही हात वर केले, आभाळाकडे पाहिलं आणि ओरडली, "का करून राहिली बे तू?" काठावर बसलेल्या सगळ्यांना लेफ्ट हाफची चूक दिसली. मला तिने केलेला प्रयत्न दिसला. त्या पासवर स्टिक लावणंसुद्धा सोपं नव्हतं. पुढच्या वेळी तोच बॉल आला तेव्हा ती त्याच्याकडे गेलीच नाही, जागेवर उभी राहिली. तू ज्याला दगड होणं म्हणतेस ते हेच. बॉलकडे गेलं की चुकतं आणि चुकलं की सगळ्यांसमोर हात वर होतात. मग न गेलेलंच बरं, हा तिने काढलेला साधा हिशोब असतो. त्याला आळस म्हणू नकोस.

म्हणून माझा मुख्य सल्ला हा, की जोडीदारणीचा खेळ सुधारायचा तर तिच्याशी काय बोलायचं याआधी तिला बॉल कसा द्यायचा ते ठरव. पास तिच्या फोरहँडला म्हणजे उजव्या बाजूला, पुढच्या पायाच्या रेषेत, तिला घेता येईल इतक्याच जोराने. मुरमावर बॉल उडतो, त्यामुळे लांबचा जोरदार हिट टाळ आणि जवळ जाऊन, स्टिकने ढकलत पुश दे. टर्फवर मॅच असेल तर वेग वाढव, पण दिशा तीच ठेव. सरावात पहिली दहा मिनिटं फक्त तुम्ही दोघी. बॉल तू दे, तिने घ्यावा, परत द्यावा. त्या वेळी तिच्या ट्रॅपिंगकडे पाहू नकोस, तुझा किती बॉल तिच्या स्टिकच्या सपाट बाजूवर बसला ते पाहा. हा बदल मैदानावर इतर सगळ्यांना दिसतो. कॅप्टन ज्युनियरला नीट बॉल देते आहे, हे पाहिलं की बाकीच्यांच्या नजरेत त्या मुलीची किंमत वाढते. ते भाषण देऊन होत नाही.

आता तिच्या जागेबद्दल, कारण तुझ्या टीममध्ये बहुतेक कोणी तिला हे समजावून सांगितलेलं नाही. हॉकीत स्टिकची एकच बाजू वापरता येते, सपाट. त्यामुळे आपल्या उजवीकडचा बॉल सोपा आणि डावीकडचा अवघड. लेफ्ट हाफच्या समोरून येते प्रतिस्पर्ध्यांची राइट विंग म्हणजे उजव्या कडेची फॉरवर्ड, साइडलाइनला धरून, म्हणजे आपल्या लेफ्ट हाफच्या डाव्या बाजूने. बॉल विंगच्या फोरहँडवर असतो आणि बॉल हिसकावायचा टॅकल मात्र हिला रिव्हर्सने, म्हणजे स्टिक उलटी फिरवून करावा लागतो. अनुभवी मुलींनाही ही जागा जड जाते. तिथे तुम्ही एक वर्ष स्टिक धरलेल्या मुलीला उभं केलंत आणि "टॅकल कर!" एवढंच सांगत राहिलात. तिने पहिल्या फटक्यात टॅकल करायचाच नसतो. विंगला अडवत, सोबत पळत तिला साइडलाइनकडे दाबायचं, वाट बंद करत न्यायचं आणि तोवर कोणीतरी आतून येऊन दुसऱ्या बाजूने घेरायचं. ते आतून येणारं कोणीतरी म्हणजे तू. ती एकटी पडून चुकते तेव्हा तू कुठे असतेस, हे सरांना एका मॅचमध्ये बघून ठेवायला सांग.

ती खो-खोची आहे, हे तू तक्रारीच्या सुरात लिहिलंस, म्हणजे हॉकी कच्ची आहे या अर्थाने. मला ते वाचून आनंद झाला. खो मिळताच बसल्या जागेवरून उठून पहिल्या तीन पावलांत पूर्ण वेग घेणं, कंबरेत वाकून पळणं, झटक्यात दिशा पकडणं, हे तिच्या अंगात शाळेपासून मुरलेलं आहे. हॉकीत नेमकं हे कुठे लागतं? आपल्यावर पेनल्टी कॉर्नर होतो तिथे, म्हणजे आपल्या गोलजवळ चूक झाली म्हणून समोरच्यांना गोलवर मारायची संधी मिळते तेव्हा. गोलकीपर धरून आपल्या पाच जणी गोललाइनच्या मागे, बाकीच्या सेंटरलाइनच्या पलीकडे. बॉल आत ढकलला गेला की बाहेर अडवून मारायला समोरच्यांना जेमतेम दोन सेकंद लागतात. तेवढ्यात गोललाइनवरून सुटून मारणारीच्या अंगावर जाणारी पहिली मुलगी, आपण जिला रशर म्हणतो, ती जितकी लवकर पोचेल तितका फटका बिघडतो. तुमच्या टीममध्ये हे काम सध्या कोण करते मला माहीत नाही, पण या मुलीला करून पाहा. पळायची रेषा सरांकडून शिकवून घ्या. स्वतः शॉटच्या रेषेबाहेर, स्टिक रेषेत, आणि आपल्या गोलकीपरची नजर झाकायची नाही. चेहऱ्याचा मास्क, गुडघ्याचे पॅड आणि ग्लोव्हज असल्याशिवाय तिला एकदाही पळवू नका, सरावातसुद्धा नाही. कॉलेजकडे मास्क नसेल तर आधी तो मागून घ्या. हे मी आग्रहाने सांगते, कारण फ्लिक करून उचललेला बॉल तोंडावर आला तर खेळच काय, दातही जातात.

रशरचं काम मी मुद्दाम सुचवते आहे. समूहात माणूस कधी कमी जोर लावतो आणि कधी जास्त, याचा अभ्यास फार जुना आहे. फ्रान्समध्ये रिंगेलमन नावाच्या शेतीतज्ज्ञाने माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं. जितकी माणसं वाढली तितका प्रत्येकाचा जोर कमी झाला. त्याचे निष्कर्ष 1913 साली छापले गेले. पुढे 1920 च्या दशकात जर्मनीत कोलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका रोइंग क्लबातल्या लोकांना जोडीने वजन उचलायला लावलं. त्यात अट अशी, की एकाने सोडलं की दोघांचं संपलं. तेव्हा दिसलं ते उलटं. जोडीतला कमकुवत माणूस एकट्याने जितकं टिकला असता त्याहून जास्त टिकला. दोघांच्या ताकदीत फरक होता, पण फार मोठा नव्हता, तिथे हे सगळ्यात जास्त दिसलं. दोन्ही प्रयोगांत माणसं साधीच होती, कामाची मांडणी तेवढी वेगळी होती. आपलं काम गर्दीत बुडतं असं वाटलं की हात सैल पडतो. आपण सोडलं तर जोडीदाराचंही संपतं हे कळलं की तोच हात घट्ट होतो. तुझी लेफ्ट हाफ आज अकरा जणींतली अकरावी आहे. पेनल्टी कॉर्नरला पहिली पळणारी झाली की तिच्यावाचून भागणार नाही, आणि ते तिलाही दिसेल, काठावरच्यांनाही.

आता ओरडण्याबद्दल. ओरडू की नको, हा तुझा पेच. आवाज मोठाच हवा. 55 मीटर रुंदीच्या मैदानावर कुजबुजून काही होत नाही. प्रश्न त्या आवाजात काय आहे हा. "डोकं आहे का नाही?" यात त्या मुलीला पुढच्या क्षणी करण्यासारखं काही मिळत नाही. "बाहेर ठेव!" यात मिळतं. "मागे आली!", "वेळ आहे!", "माझ्याकडे दे!", "सोड, मी घेते!" हे सगळं बॉल पोचायच्या आधी कानावर पडलं तर कामाचं, नंतर पडलं तर तो शेरा. मॅचमध्ये बोलायचे असे पाच-सहा शब्द टीमने बसून ठरवा. मराठी, हिंदी, इंग्रजी, तुमच्या तोंडात जे बसेल ते, पण प्रत्येकीसाठी तेच. मग सरावाच्या खेळात एक नियम घाल, की पास घेणारीला शेजारणीने आधी आवाज दिलाच पाहिजे, नाहीतर बॉल समोरच्यांचा. पहिले दोन दिवस सगळ्या लाजतील आणि हसतील. हसू दे. माझ्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही, अशी तुझी तक्रार आहे ना? काय बोलायचं हे ठरलेलं नसलं की बोलणं म्हणजे दोष काढणं, एवढंच मुलींना माहीत असतं आणि मैत्रिणींचे दोष काढायला कोणाला आवडतं? ठरलेले शब्द मिळाले की गप्प मुलीही बोलतात. गोलकीपरपासून सुरुवात कर. तिला सगळं मैदान समोर दिसतं. भारताचा गोलकीपर श्रीजेश खेळत असताना टीव्हीवरच्या मॅचेस बघितल्या असशील तर त्याचा आवाज आठवत असेल, गोलमधून तो बचावफळीला सतत जागा सांगत असायचा.

चूक झाल्यानंतरचे काही सेकंद फार महत्त्वाचे. हात वर करणं, कपाळाला हात लावणं, पाठ फिरवणं हे आजपासून टीममध्ये बंद. सुरुवात तुझ्यापासून. चुकलेल्या मुलीच्या सगळ्यात जवळ जी असेल तिने तिला पुढचं काम सांगायचं, "परत ये, सात नंबर तुझी." सांत्वनाचीही गरज नाही, "काही हरकत नाही" वगैरे नंतर. चुकीतून बाहेर यायला हातात काम लागतं. तंत्राची दुरुस्ती मॅच संपल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी, दोघीच असताना.

आणि चांगलं झालं तेव्हा "छान, छान" करून सोडू नकोस. काय चांगलं झालं ते नाव घेऊन सांग. "तू तिला शेवटपर्यंत साइडलाइनला धरून ठेवलंस, म्हणून मला यायला वेळ मिळाला." असं वाक्य त्या मुलीच्या डोक्यात वर्षभर राहतं, कारण त्यात पुन्हा करण्यासारखी गोष्ट आहे. पेनल्टी कॉर्नरवर गोल झाला की सगळ्या फ्लिकरकडे धावतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2 ऑगस्ट 2021 ला भारताच्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला 1-0 ने हरवलं, तो गोल गुरजीत कौरचा, हे सगळ्यांना पाठ आहे. तो बॉल आत ढकलणारी आणि अडवणारी कोण होती, हे किती जणांना सांगता येईल? निदान तुमच्या टीममध्ये तरी गोल झाला की आधी इंजेक्टर आणि स्टॉपरकडे जायचं, अशी पद्धत पाडा.

त्या टोकियोच्या टीमचं आणखी एक तुला सांगायला हवं. पहिल्या तीन मॅच त्या हरल्या होत्या: नेदरलँड्सकडून 1-5, जर्मनीकडून 0-2, ग्रेट ब्रिटनकडून 1-4. त्यानंतर त्याच मुली, त्याच कॅप्टन राणी रामपाल आणि त्याच प्रशिक्षक श्योर्ड मारिनसोबत आयर्लंड, दक्षिण आफ्रिका आणि मग ऑस्ट्रेलिया अशा ओळीने तीन मॅच जिंकल्या आणि चौथ्या आल्या. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध वंदना कटारियाची हॅट्ट्रिक होती. चार-पाच दिवसांत कोणाचं कौशल्य दुप्पट होत नाही. जे होतं ते बाहेर येऊ शकलं. तुझ्याकडे तर पूर्ण महिना आहे.

सरांचा प्रश्न नाजूक आहे, पण टाळता येण्यासारखा नाही. प्रशिक्षकांच्या वागण्यावर अमेरिकेत स्मिथ आणि स्मोल या दोन मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं, मुलांच्या बेसबॉल टीम घेऊन. काही प्रशिक्षकांना त्यांनी थोडकं प्रशिक्षण दिलं. चांगल्या प्रयत्नाची दखल घ्या, चुकीनंतर धीर द्या आणि लगेच नीट कसं करायचं ते सांगा, अपमान करू नका, एवढंच त्याचं सार. त्यांच्या 1992 च्या अभ्यासात दिसलं, की प्रशिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांच्या टीममधली 26 टक्के मुलं पुढच्या वर्षी खेळायला आलीच नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांकडे हेच प्रमाण 5 टक्के होतं. हार-जीत दोन्हीकडे जवळपास सारखीच. म्हणजे गोड बोलल्याने मुलं सैलावतात आणि हरतात, ही भीती तिथे खरी ठरली नाही. ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी, त्या मुलांना चांगल्या प्रशिक्षकाचा सगळ्यात जास्त फायदा झाला. तुझी लेफ्ट हाफ त्यातलीच.

आता हे आकडे घेऊन सरांसमोर जाऊ नकोस. ते बिचारे भर उन्हात तुमच्यासाठी मैदानावर उभे राहतात, त्यांचा आवाज चढतो तो काळजीपोटी. सराव संपल्यावर, सगळ्या गेल्यावर थांब आणि तक्रार न करता काम माग. "सर, लेफ्ट हाफ मॅचमध्ये घाबरते. तिला बोलायचं झालं तर खेळ थांबतो त्या मधल्या दोन मिनिटांत बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगाल का? बाकी मी मैदानावर सांभाळते." ज्यांना शिष्यांची काळजी असते ते अशा विनंतीला नाही म्हणत नाहीत. सरांकडे एक हत्यार आहे, तेही त्यांना आठवण करून दे: हॉकीत बदली कितीही वेळा करता येते. बाहेर काढणं ही शिक्षा व्हायलाच नको. घाबरलेल्या मुलीला दोन मिनिटं बाहेर घ्यावं, पाणी द्यावं, शेजारी उभं करून मैदान दाखवावं, "बघ, त्यांची विंग दर वेळी आतच वळते, तू आतली बाजू आधी बंद कर" आणि परत पाठवावं. त्या दोन मिनिटांत तिला मैदानाबाहेरून जे दिसतं ते आतून कधीच दिसत नाही. मात्र बाहेर येताच सरांच्या तोंडचं पहिलं वाक्य कोणतं असेल, यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या वाक्यात काम असावं.

सीनियर फॉरवर्डबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्या वाईट आहेत असं मला वाटत नाही. दोघी तीन वर्षं सोबत खेळल्या, एकमेकींची जागा न बघता कळते, म्हणून बॉल तिथेच जातो. उपदेश केलास तर मान हलवतील आणि मॅचमध्ये पुन्हा तेच करतील. सरावाचा खेळच असा मांड की दुसरा उपाय राहणार नाही. अर्ध्या मैदानात चार-चार जणींचा खेळ, दोघी वेगवेगळ्या बाजूंना, आणि चौघींचीही स्टिक लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. आठवडाभरात त्या स्वतःच ज्युनियरला ओरडून जागा सांगू लागतील, कारण तिच्याशिवाय त्यांचा गोल होणार नाही. शिवाय एकीला लेफ्ट हाफच्या पुढची जागा दे आणि तिला सांग की डावी बाजू तुम्हा दोघींची, तिकडून गोल झाला तर उत्तर दोघींनी द्यायचं. सीनियर मुलींना जबाबदारी दिली की त्या बहुतेक वेळा शहाण्यासारख्या वागतात. नुसता मान दिला तर नेहमीच तसं होतं असं नाही.

राहिली दुसरी गोलकीपर. तिची तक्रार मला सगळ्यात रास्त वाटते. गोलकीपरची जागा एकच, फॉरवर्डसारखी पाच मिनिटांची बदली तिच्या वाट्याला येत नाही. आपल्या विदर्भाचंच उदाहरण आहे. यवतमाळचा आकाश चिकटे भारताच्या संघात बराच काळ श्रीजेशच्या मागचा गोलकीपर होता. 2016 मध्ये मलेशियात आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या सेमीफायनलला श्रीजेश जखमी झाला आणि पाकिस्तानविरुद्धच्या फायनलला आकाश उभा राहिला. भारत 3-2 ने जिंकला. असा दिवस येतो तेव्हा आदल्या रात्री तयारी करून चालत नाही. तुमच्या मुलीला नुसतं "थांब, तुझी वेळ येईल" सांगू नका. सराव सामन्यांत ठरलेला वेळ तिला द्या, आधीच सांगून, शक्य असेल तर एक पूर्ण हाफ. पेनल्टी कॉर्नरच्या सरावात दोघी गोलकीपर आलटून-पालटून उभ्या राहू देत. आणि मॅचच्या दिवशी समोरच्या टीमचे कॉर्नर कुठे जातात, हे टिपायचं काम तिच्याकडे द्या. गोलकीपरच्या डोळ्यांनी पाहिलेलं गोलकीपरलाच लवकर कळतं. मधल्या वेळेत तिने पहिल्या गोलकीपरशी बोलावं, तिथे तुम्ही कोणी मध्ये पडू नका. इतकं करूनही तिला खेळायला दुसरी टीम हवी असेल तर रागावू नकोस. खेळायची इच्छा असणं काही गुन्हा नाही.

एक सांगायचं राहिलं. सगळ्याच मुली या मार्गाने सुधारतील असं नाही. एखादी सरावालाच येत नाही, आली तर फोनवर असते. तिच्यासाठी पासचा जोर आणि आवाजातले शब्द यांचा उपयोग नाही. तिच्याशी सरांनी सरळ बोलावं, यायचं की नाही ते तिने ठरवावं. तुझ्या पत्रात मात्र अशी एकही मुलगी मला दिसली नाही. रडणाऱ्या मुलीला फरक पडतो आहे. न खेळवल्याने चिडलेल्या मुलीला फरक पडतो आहे. ज्यांना फरक पडतो त्यांच्याबरोबर काम करता येतं.

उद्या सकाळी मैदानावर गेलीस की लेफ्ट हाफला सगळ्यांच्या आधी वीस मिनिटं बोलाव. हॉस्टेलवर राहत असेल तर तिला काही खाल्लंस का ते विचार, फर्स्ट इयरच्या मुली बऱ्याचदा उपाशीच येतात. मग दोघी साइडलाइनजवळ उभ्या राहा आणि पुश सुरू कर. पहिले दहा बॉल हळू, तिच्या उजव्या पायाच्या पुढे. ती नीट घ्यायला लागली की अंतर वाढव. मग तिला पळतं ठेव आणि पळत्या स्टिकवर दे. रशरबद्दल त्याच वेळी विचार, सरांसमोर नको, टीमसमोर नको: "कॉर्नरला पहिली तू पळशील का?" ती लगेच हो म्हणणार नाही. विचार करायला एक दिवस दे, आणि त्याच दिवशी सरांना मास्कचं सांगून ये.

– तुझी ताई